टोपीपर्यंतचा बांध

त्या शेतकऱ्याचं नाव मीच अनुदानाच्या फॉर्मवर लिहिलं होतं, पण आता आठवत नाही. दुष्काळानंतरच्या वर्षी मी जोतिबाच्या उतारावर बांध मोजत हिंडायचो. शेतातली माती अडवायला नवा बांध घातला, की सरकार लांबीप्रमाणे पैसे द्यायचं. टेपचं दुसरं टोक धरून तो चालत होता. निम्म्या बांधावर थांबला आणि डोक्याची टोपी काढून तिथं ठेवली.

"सायेब, हितवरच मोजा. फुडचा जुना हाय, माझ्या बानं घातलेला."

"अहो, सगळा एकसारखाच दिसतोय. कुणाला कळणार?"

"व्हय?" त्यानं दोन्हीकडं निरखून बघितलं. "मग बाच्या तोडीचा झालाय म्हणायचा की."

आणि टेपचं टोक तिथंच पायाखाली दाबून खुशीत टोपी झटकून डोक्यावर घातली.