मचाणाची पाठ

महाराष्ट्र होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. संग्रामपूरजवळच्या आमच्या गावात मी मास्तर होतो. एका सकाळी मी काकांना पेपरातली बातमी वाचून दाखवली. रशिया चोरून अणुबॉम्ब फोडतो का, हे पाहायला अमेरिकेनं उपग्रहांवर गॅमा किरण टिपणारी यंत्रं बसवली होती. यंत्रांनी झोत टिपले खरे, पण ते पृथ्वीवरचे नव्हते, सूर्याचेही नव्हते. कुठून तरी खोल आकाशातून आले होते.

मला वाटलं, काका हसतील. त्यांची ज्वारी कोणी तरी गुरांना चारत होतं, म्हणून त्यांनी शेजाऱ्याच्या शेताकडे तोंड करून मचाण बांधलं होतं. शेजाऱ्याचं मचाण आमच्याकडे बघत होतं. सातपुड्याकडून गार वारा येतो, म्हणून त्या अंगाला दोघांनीही पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा, कूड घातलेला. नीलगाई, आमचे रोही, नेमके तिकडूनच उतरत. हे कळायला या शहाण्यांना दोन-तीन हंगाम लागले.

"मंग त्यायचं भांडण मिटलं काय?" काकांनी विचारलं.

"नाही."

"आमचं तरी कुठी मिटलं!" म्हणाले, आणि मचाणाला सातपुड्याच्याच अंगानं नवा कूड घालायला निघाले.