पेणचं इंजेक्शन

नणंदेचा घसा सारखा धरायचा. थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. घरचे उपाय ठरलेले होते: कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, झोपताना हळदीचं दूध, आणि पडजीभ पडली असेल म्हणून सासूबाई तिच्या टाळूवरची बट धरून खसकन वर ओढायच्या. डॉक्टरांच्या गोळ्या असायच्या, पण ताप उतरला की त्या बंद. गुळण्यांनी आराम पडायचा हे खरं, म्हणूनच आम्ही सगळे निर्धास्त होतो.

ती नववीला होती त्या पावसाळ्यात घसा बरा झाला आणि काही दिवसांनी गुडघे सुजले, मग घोटे. रोह्याच्या डॉक्टरांनी पेणला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. मी तिला "आ कर" म्हणत होते आणि ते मात्र छातीला नळी लावून ऐकतच राहिले. घशातल्या जंतूंपायी हृदयाच्या झडपेला सूज आली होती.

"घसा पुन्हा धरता कामा नये. दर वेळी झडप आणखी बिघडेल," ते म्हणाले. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, काही वर्षं तरी, एकही न चुकवता.

सासूबाईंची काळजी वेगळी होती. "रोह्यात नको हां. दवाखान्यातला कंपाउंडर आपल्याच आळीतला. पोरीच्या काळजात खोट हाय म्हणून गावभर होईल. मग लगीन कोण करील गो तिच्याशी?"

म्हणून पेण. नवरा धाटावला कंपनीत, त्याची शिफ्ट सांभाळायची, तेव्हा एसटीने आम्ही दोघीच जायचो. आळीत सांगायचं, पोहे-पापड आणायला जातो. खोटं वाटू नये म्हणून ते आणायचेही.

"एवढे पोहे खाता तरी कसे? घरात लगीन काढलंय काय?" शेजारीण म्हणाली. आणि पुढच्या खेपेला तिनेही पिशवी दिली.

पुढच्या पावसाळ्यात नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं. एसटी बंद. इंजेक्शनचा दिवस तोच, आणि नणंदेच्या घशात सकाळपासून टोचत होतं.

"एक वेळ चुकलं तर काय होतंय?" सासूबाई म्हणाल्या. "मी गुळण्यांना पाणी ठेवते."

"आई, गुळण्या घशापुरत्या. छातीचं काय? रोह्यातच घेऊ."

"आणि लोकांचं काय?"

नणंद चपला घालून दारात उभी होती. "लोकांना काय दिसायचं राहिलंय? शाळेचा जिना चढताना मधेच बसते मी."

हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. मी छत्री घेतली.

दवाखान्यात बाक भरलेले. कंपाउंडरने पेणची चिठ्ठी वाचून मोठ्याने विचारलं, "पेनिसिलिन कुणाला? काय झालंय?"

"मला. हृदयाची झडप सुजलीय," नणंद म्हणाली आणि बाही वर केली. औषध सोसतंय का, ते आधी हातावर थोडं टोचून बघतात. ते होईपर्यंत आम्ही सगळ्यांच्या समोर बसून राहिलो.

घरी आलो तर कोण भेटलं, काय म्हणालं, हे सासूबाईंनी विचारलंच नाही.

"धाप कधीपासून लागते गो तुला?"

"दिवाळीपासून."

"आणि सांगितलं नाय?"

"सांगितलं असतं तर शाळा बंद केली असतीस."

रस्ता मोकळा झाल्यावर पहिल्या एसटीने आम्ही तिघी पेणला निघालो, छाती पुन्हा तपासायला. शेजारणीने दारातून विचारलं, कुठे. सासूबाईंनी खरं ते सांगितलं.