स्प्रिंग ब्रेक, खोरफक्कान आणि माझी धाकटी बहीण

त्या वर्षी आमचं मस्कत ठरलं होतं. दोन हजार एक सालचा मार्च. अबूधाबीतल्या माझ्या मुलीच्या शाळेनं दहा दिवसांच्या स्प्रिंग ब्रेकचं सर्क्युलर पाठवलं आणि मी नकाशा उघडून बसले. भारताचं तिकीट कंपनी वर्षातून एकदाच द्यायची, ते आम्ही जुलैसाठी राखून ठेवायचो. युरोप आमच्या आवाक्यातला नव्हता. अल ऐन तीनदा पाहून झालेलं. गाडीनं जाता येईल, हवा उबदार असेल, समुद्र असेल आणि तीन दिवस हजार दिरहममध्ये, म्हणजे तेव्हाच्या जवळजवळ तेरा हजार रुपयांत, बसतील अशी जागा मला हवी होती.

समुद्राचा हट्ट माझा होता. मी पोहणारी बाई आहे. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात पाठीला पत्र्याचा डबा बांधून मी निम्म्या आळीला विहिरीत पोहायला शिकवलं. फक्त दोघी राहिल्या: माझी धाकटी बहीण मंजू, जी काठावरूनच पळून जायची, आणि माझी मुलगी रुचा. रुचाला मी अबूधाबीच्या लेडीज बीचवर दोनदा नेलं, दोन्ही वेळा ती गुडघाभर पाण्यातून रडत परत आली. आता ती नऊ वर्षांची होती. या सुट्टीत तिला शिकवायचंच, असं मी ठरवलं होतं.

यामागचं खरं कारणही सांगून टाकते. रुचाला मंजूचं वेड होतं. मंजू बर दुबईला राहायची, तिच्या नवऱ्याचं मीना बाजारात कापडाचं दुकान. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे हिवाळ्याच्या सुट्टीत रुचा पंधरा दिवस त्यांच्याकडे. मंजू दरवर्षी सिंगापूर नाहीतर पॅरिस करून यायची आणि आमच्या फ्रीजवर एक नवा मॅग्नेट लावून जायची. मॅग्नेटचं मला एवढं काही वाटत नसे. पण रुचा दुबईहून परत आली की महिनाभर 'मावशी सेज', 'मावशी डज इट लाइक धिस' चालायचं, आणि माझ्या पोटात दुखायचं. मंजूकडे नाही असं माझ्याकडे एकच होतं, ते म्हणजे पोहणं.

मस्कत बुडवलं शेखरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं. त्या काळी बहुतेकांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असत. देश सोडायचा तर आठवडाभर आधी फॉर्म भरून ते मागायचे. शेखरनं फॉर्म दिला बुधवारी दुपारी. गुरुवार-शुक्रवार सुट्टी, आणि सही करणारे साहेब शनिवारी उगवणार.

"खलास, मस्कत कॅन्सल," तो दारातच म्हणाला. "आता कंट्रीच्या आतलंच बघ काहीतरी."

मार्ग काढला सलीमभाईंनी. हे रत्नागिरीचे, मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये शेखरबरोबर फोरमन. त्यांनी फोनवरच सगळं सांगितलं. "वहिनी, खोरफक्कानला जावा. पासपोर्ट नको, काय नको. दर्या आपल्या कोकणासारखा, मागं डोंगर. रेस्ट हाउसवाला माझा वळखीचा हाय, दीडशे दिरहममध्ये किचनवाली रूम देईल. मासळी सकाळी सातच्या आत घ्यायची."

मी खूश होऊन पोळ्या लाटायला घेतल्या आणि तेवढ्यात मंजूचा फोन आला. तिचा नवरा मालाच्या कंटेनरच्या कामात अडकला होता, त्यांची सुट्टी रद्द झाली होती. "ताई, मी येऊ का तुमच्याबरोबर? घरी बसून काय करू?" नाही म्हणायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं. रुचा तर सोफ्यावर उड्या मारत होती. मी 'ये की' म्हटलं आणि उरलेल्या पोळ्या जाड लाटल्या.

गुरुवारी सकाळी साडेसहाला निघालो. पेट्रोल तेव्हा गॅलनवर मिळायचं आणि टाकी भरायला पन्नास दिरहमही लागत नसत. दुबईत मंजूला घेतलं आणि तिथंच माझी जागा गेली. मी रुचाबरोबर मागे बसले होते, ती म्हणाली, "आई, यू सिट इन फ्रंट विथ बाबा." पुढचे दोन तास मागून खुसखुस ऐकू येत होती, आणि मी वळले की ती थांबायची.

रस्ता म्हणाल तर शारजा सोडल्यावर धैद गावापर्यंत वाळू, तीही तांबूस. नंतर डोंगर सुरू होतात, उघडेबोडके, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखे. मसाफीच्या आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजार लागतो. नाव फ्रायडे मार्केट, पण भरतो रोज. गालिचे, मातीची मडकी, प्लास्टिकची खेळणी, फळं. गालिचेवाला जो भाव सांगेल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करावी. मंजूनं सुरुवातच केली नाही. रुचाला आवडलेला छोटा गालिचा तिनं साठ दिरहमला घेऊन टाकला.

"अगं, सातशे-पावणेआठशे रुपये झाले," मी म्हटलं. "चाळीसला दिला असता."

"असू दे ताई. पोरीला आवडलाय."

मसाफीहून डावीकडे दिब्बा, उजवीकडे फुजैरा. आम्ही उजवीकडे उतरलो, फुजैराहून समुद्राच्या कडेनं वर खोरफक्कानला पोहोचलो, तेव्हा साडेअकरा वाजले होते. सलीमभाईंनी सांगितलं होतं त्यात काडीचंही खोटं नव्हतं. अर्धगोल खाडी, निळं पाणी, एका टोकाला बंदराच्या क्रेन आणि पाठीशी डोंगर. रूममध्ये शेगडी, चार ताटल्या आणि डुगडुगणारा एक पलंग. माझ्या पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी शेखरनं खाल्ली. रुचानं मंजूच्या डब्यातला केक खाल्ला.

शुक्रवारी सकाळी सातच्या आत आम्ही मासळी बाजारात होतो. दहा दिरहमला हातभर लांब सुरमई मिळाली आणि वर कापूनही दिली. नऊच्या सुमारास किनाऱ्यावर गेलो. तिकडे जाणाऱ्या बायकांसाठी सांगते, खोरफक्कान शारजाच्या हद्दीत येतं, तिथं अंगभर कपडे लागतात. मी ओढणी काठावर ठेवून पंजाबी ड्रेसवरच उतरायचं ठरवलं होतं. पाणी कोमट होतं आणि वाळू दूरपर्यंत सपाट, शिकवायला याहून चांगली जागा मिळाली नसती. मी रुचाला हाक मारली. डोक्यात वाक्यंही तयार होती: आधी श्वास सोड, मग हात सैल सोड, मी धरलंय.

रुचा आणि मंजू एकमेकींकडे बघून हसल्या.

"आई, यू स्टँड देअर," रुचा म्हणाली. "टेक अ फोटो, ओके?" तिनं कॅमेरा माझ्या हातात दिला, मंजूचा हात धरला आणि दोघी छातीभर पाण्यात गेल्या. मग तिनं हात सोडला आणि पोहायला लागली. तिरकी जात होती, पाणी फार उडवत होती, पण पोहत होती. दहा-बारा हात मारून ती मंजूपाशी उभी राहिली. मग मंजू पोहली. माझी विहिरीच्या काठावरून पळून जाणारी बहीण.

हिवाळ्याच्या सुट्टीत दुबईच्या एका क्लबमध्ये दोघींनी क्लास लावला होता. सहा आठवड्यांचा कोर्स दोन आठवड्यांत, रोज दोन तास. मला सरप्राइज द्यायचं म्हणून तीन महिने दोघी गप्प होत्या. गाडीतली खुसखुस तीच.

मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त एवढंच वाटलं, की हिनं हेही घेतलं. माझी पोर माझ्या हाताखाली रडली आणि हिच्याबरोबर शिकली. कॅमेरा डोळ्याला लावलेला होता, रुचा बरोबर मधोमध दिसत होती. मी बटण दाबलं नाही.

"डिड यू सी? फोटो काढलास?" रुचा धावत बाहेर आली.

"डोकं फार वर ठेवतेस," मी म्हटलं. "आणि पाय गुडघ्यातून वाकतायत. असं नसतं."

तिनं माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं, मग टॉवेल गुंडाळून शेखरशेजारी जाऊन बसली. मंजू निथळत उभी होती. "ताई, आधी शाब्बास तरी म्हणायचंस," ती म्हणाली, आवाज न चढवता.

यानंतर मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी पाण्यात शिरले आणि लांब तरंगणाऱ्या पिंपापर्यंत पोहत गेले. चांगले लांब, जोरदार हात मारत, पंजाबी ड्रेस जड झालेला असताना. पोहणारी बाई कशी असते ते बघू देत सगळ्यांना. पिंपाला धरून वळून पाहिलं, तर मंजू आणि रुचा माझ्याकडे पाठ करून शिंपले वेचत होत्या.

संध्याकाळी फुजैराला बैलांची टक्कर बघायला गेलो. समुद्राजवळच्या मोकळ्या मैदानात दर शुक्रवारी असते, फुकट असते आणि रक्त वगैरे काही नसतं. दोन बैल डोकं लावून ढकलतात, जो मागे हटेल तो हरला. गाडी थोडी दूर लावावी, कारण हरलेला बैल कुठंही पळतो. शेखर रंगून गेला होता. मी आणि मंजू कठड्याला टेकून शेजारी उभ्या होतो, दोघी बैलांकडे बघत.

शनिवारी परतण्याआधी मी रुचाला विचारलं, "चल, अजून एकदा पोहतेस?" ती म्हणाली, "नो, इट्स ओके." परतीच्या वाटेवर बिदियाची जुनी मातीची मशीद बघितली. चार बसके घुमट, आत थंडगार, जरूर बघावी. तिथून दिब्बावरून मसाफीला आलो. दुबईत मंजूला तिच्या घरी सोडलं. उतरताना तिनं रुचाचा पापा घेतला आणि मला म्हणाली, "येते ताई." एवढंच.

जबल अलीच्या पुढे आल्यावर मी रुचाला विचारलं. बरेच तास घोळवत होते. "मी शिकवत होते तेव्हा का नाही गं शिकलीस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "मावशी वॉज स्केअर्ड टू," ती म्हणाली. "शी क्राइड द फर्स्ट डे. सो वी हेल्ड हँड्स. यू आर नेव्हर स्केअर्ड, आई."

शेखरनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि रेडिओ लावला.

एकूण खर्च नऊशे चाळीस दिरहम झाला. खोरफक्कान मी कुणालाही डोळे झाकून सुचवेन: मार्चमध्येच जा, मे महिन्यात वाळूवर पाय ठेववत नाही. हेवा मात्र तिथं सोडून आले असं म्हणणार नाही. मंजूनं क्लासची फी भरली, डोळ्यांत पाणी आणून पूलमध्ये उतरली, पोरीचा हात धरून शिकली, हे सगळं चांगलंच केलं, हे मला कळतं. तरी तो हात माझा नव्हता, हे अजून खुपतं.

आठवड्यानं रोल धुऊन आला. छत्तीस फोटो: डोंगर, मडकी, सुरमई, बैलच बैल. त्याच संध्याकाळी मंजूचा फोन आला. काहीच झालं नसल्यासारखी बोलली, तिचा स्वभावच तसा. "ताई, रुचाचा पोहतानाचा फोटो आला का गं? मला एक कॉपी पाठव. फ्रेम करून हॉलमध्ये लावते."

'तो ना...' म्हणून मी थांबले. रुचा शेजारीच होमवर्क करत होती. ती उठली आणि माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"मावशी, फोटो नाहीये," ती म्हणाली. "आई वॉज सो हॅपी, शी वॉज जस्ट लुकिंग ॲट मी. शी फरगॉट."

मी विसरले नव्हते. ते तिलाही माहीत होतं.