पढवलेल्या आठवणी

उमेदीची वर्षं तिने कोर्टात साक्षी टाइप करण्यात घालवली. साक्षीदार पढवून आणलेला असला की तिला दुसऱ्याच वाक्याला कळायचं. पुढे शहराच्या संग्रहालयात ती लोकांच्या आठवणी टेप करायच्या कामावर लागली आणि गल्लीत टेपवाली म्हणून ओळखली जाऊ लागली.

पहिलं मोठं काम आलं ते बंद पडलेल्या साबण कारखान्याचं. त्यावरच्या प्रदर्शनाला देणगी कारखान्याच्या मालकांचीच. तिथे पूर्वी एकदा बॉयलर फुटला होता, तो विषय तिने म्हाताऱ्या फिटरकडे काढला. "नशीब बलवत्तर, कोणाला साधा ओरखडाही उठला नाही!" पॅकिंगवाल्या मावशींनी तेच सांगितलं, शब्दसुद्धा तेच. वॉचमननेही तीच री ओढली. तिने कान टवकारले. नक्कीच मालकांनी घोकवून घेतलंय!

त्या संध्याकाळी घरी जाताना मागे चपला वाजत राहिल्या. ती गर्रकन वळली. वॉचमन!

"काका, पाठलाग करताय?"

"मालकाच्या बंगल्याकडे वळतेस का, ते बघत होतो."

"मग घरापर्यंतच चला."

तिच्या बहिणीने चहा टाकला. वॉचमनने खोली निरखली, कपाटामागेही डोकावून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "एक हमाल गेला त्यात. हजेरीपटावर नव्हता. बोलेल त्याची नोकरी जाईल, असा मालकांनी दम भरला होता. कोणाची जीभ घसरू नये म्हणून आम्हीच ते वाक्य ठरवलं."

दुसऱ्या दिवशी तिघंही आले. टेप सुरू होताच भांडायला लागले. पहिली पाळी होती, नाही, दुसरी. हमाल दारात होता, छे, जिन्याखाली. टेपवालीचा जीव भांड्यात पडला. आता खरं बोलत होते.

"तेवढं गाळा," संग्रहालयाचे संचालक म्हणाले.

"मग मलाही गाळा."

त्यांनी तिलाही खरंच गाळलं. पण ज्याच्या त्याच्या बोलण्याची प्रत तिने आधीच ज्याला त्याला दिली होती. कामगारांनी वाचनालयाची खोली मागून घेतली आणि टेपवालीला बोलावून सगळ्यांसमोर टेप लावली. हमालाची बायको मागच्या बाकावर पदर आवळून बसली होती. टेप संपल्यावर ती उठली.

"इतकी वर्षं गप्प होतात. आज कोणाचा फायदा आहे यात?"

फिटरने मान खाली घातली.

तिने टेपवालीकडे रोखून पाहिलं. "हे यंत्र आत्ता आमचं बोलणं टेप करतंय?"

"नाही, वहिनी."

"मग चालू कर. आणि मधे बोलू नकोस."