भिंतीवरचा पाना

गिरीज गावच्या केळीच्या वाड्यांमध्ये बैलांचे रहाट जाऊन पाण्याची इंजिनं आली, तेव्हा शेजारच्या काकांनी बैलांचा रिकामा गोठा झाडून तिथं दुरुस्तीचा कारखाना थाटला. भिंतीवर चुन्यानं प्रत्येक हत्याराची आकृती काढली, वर खिळा ठोकला.

"पाद्रीबाबाला बोलव रे, भिंतीवर पवित्र पाणी शिंपडायला!" देवघरासारखी मांडलेली ती भिंत बघून माझे वडील हसले.

काका नुसते "बरं, बरं" म्हणाले. उसनं नेलेलं हत्यार कुणी परत आणलं, तर ते कधी हातात घेत नसत. "भिंतीला दे," म्हणत.

ऐन मे महिन्यात आमचं इंजिन बंद पडलं, केळींनी माना टाकल्या. काकांनी न बघताच भिंतीवरचा पाना काढून वडिलांच्या हातात दिला. तासाभरात पाटातून पाणी धावलं.

पाना परत द्यायला वडील स्वतः गेले. खिळ्याला अडकवून, चुन्याच्या रेघेत बसेपर्यंत तो सरळ करत राहिले.

काका मोठ्यानं हसले, "आता बोलव तुझ्या पाद्रीबाबाला!"