सरड्याचा गळा आणि सदाचा मफलर

मेंढीच्या अंगावर लोकर वाढते तसे किस्से वाढतात. कुणी मुद्दाम वाढवत नाही, पण एक दिवस कातरायला बसावं लागतं!

त्या वर्षांत गावात घरोघरी टीव्ही येत होते. सुप्याच्या माळावर मेंढरं राखणारे आम्ही तिघं, तात्या, सदा आणि मी. आमचा टीव्ही म्हणजे सरडे!

*

एकदा बाभळीवर मोठा सरडा दिसला. मानेवर काट्यांचा तुरा, डोकं आणि गळा लालभडक!

"बेंबी झाका रं! लांबनंच रक्त पितो त्यो!" तात्या ओरडला. स्वतः दोन्ही हातांनी बेंबी झाकून बसला.

तेवढ्यात एक मातकट मादी फांदीवर आली. सरडा तिच्यापुढं जोर काढायला लागला. ती गेली, तसा त्याचा लाल रंगही हळूहळू उतरला.

तात्यानं हात काढले. "आपल्याकडं कुठं बघतोय त्यो!"

*

मादी लहान, तुरा नावाला. तात्याचं ठाम मत, "बायको न्हाय, पोरगं हाय त्याचं."

पुढं पावसाळ्यात तिनं ओल्या मातीत खड्डा उकरला आणि पांढरी अंडी घातली. सदा दिवसभरात एखादंच वाक्य बोलायचा. त्या दिवशी बोलला,

"तात्या, पोराला पोरं झाली!"

*

उन्हाळ्यात माळावरचे बोटाएवढे सरडे दगडावर चढतात. नर गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो. निळी, काळी, नारिंगी! मादीचा गळा साधाच. ती नुसती बघते. आवडलं तर थांबते, नाहीतर चालू पडते.

तात्या खूश! थंडीतला त्याचा मफलरही निळा-नारिंगीच. "माझ्या मफलरचा रंग चोरला की!"

*

सदाला आई-बाप नव्हते. दोन ठिकाणी मुलीवाल्यांनी नकार दिला होता, मुलगा बोलतच नाही म्हणून. सदा मनातून खचला होता. मग आम्ही तिघं बावड्याला तिसरी मुलगी बघायला निघालो.

तात्यानं ऐन वैशाखात आपला निळा-नारिंगी मफलर सदाच्या गळ्यात बांधला. "न बोलणाऱ्यानं गळा तरी दाखवावा!"

कमल चहा घेऊन आली. सदा घामानं निथळत होता. मुलीचे वडील विचारत होते, हा मान हलवत होता. मी मनात म्हटलं, गेली ही पण!

कमलनं कप ठेवला आणि थांबली.

"अवं, त्यो मफलर सोडा आधी! किती घाम आलाय!"

सदानं मफलर सोडला.

"माझा न्हाय. तात्यांचा हाय."

कमल खुदकन हसली. सदाचा गळा लाल झाला, मग गाल, मग कानाच्या पाळ्या!

तात्या भान विसरून उठला, "आला! आपोआप रंग आला!"

"कसला रंग?" मुलीचे वडील गोंधळले.

कमलनं मफलरची नीट घडी घातली आणि तात्याच्या हातात दिली.

"तात्या, हळदीला तुमीच घाला ह्यो."