तारखेची कोरी जागा

अकरा बायांचे कामाचे मागणीअर्ज मी माझ्या हातानं भरले, त्यांचे अंगठे लावून घेतले, आणि तारखेची जागा तेवढी कोरी सोडली. गाढवपणा कबूल करायचा तर एका दमात करावा, म्हणून आधीच सांगून टाकते.

तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते, म्हणजे अक्कल यायला काही हरकत नव्हती. पण वस्तीतल्या बायांत सातवी पास मी एकटी, आणि त्याचा तोरा असा की इतरजणींच्या बटव्यात तंबाखू-चुना, माझ्या बटव्यात पेन. तूर निघाली होती, कापूस वेचून झाला होता, शिवारात कुणालाच काम नव्हतं. रोजगार हमीत लेखी काम मागायचं, पंधरा दिवसांत मिळालं नाही तर सरकार बेकारभत्ता देतं, हे मी एका शिबिरात ऐकून आले. विहाराच्या ओट्यावर बायांना असं काही ऐटीत सांगितलं, जणू कायदा मीच केला.

पंचायतीतल्या रोजगार सेवकानं अर्जांचा गठ्ठा हातात घेतला. "तारीख राहू द्या ताई, मी टाकतो. खाडाखोड झाली त अर्ज वापस येते. अक्षर मात्र मोत्यावानी हाय तुमचं!"

झालं. मोती ऐकले आणि बाई फुगली. अर्ज दिला की तारखेची पोच मागायची, हेही शिबिरात सांगितलं होतं. पण एवढं गोड बोलणाऱ्याकडे पावती मागायची म्हणजे कसंतरीच वाटलं.

त्या अकरांत माझी धाकटी जाऊ होती. दिराला टीबी झालेला, अंगणातून ओट्यावर चढला तरी धाप लागायची. जावेच्या भावानं दोघांना कारंज्याला बोलावलं होतं. तिला जिनिंगमध्ये काम, राहायला एक खोली, दवाखाना हाकेवर. ती गाठोडं बांधत होती आणि मी आडवी आले.

"काहून चालली व? पंधरा दिवस थांब. काम भेटन, नाही त भत्ता भेटन. बिमार माणसाले कायले फिरवतं?"

"पक्कं न बाई?"

"कायदा हाय!"

तिनं गाठोडं सोडलं. भांडी पुन्हा मांडणीवर लावली.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. सेवक म्हणे, अर्ज वर गेले. म्हणून मी तालुक्याची कचेरी गाठली. तिथल्या बाबूनं गठ्ठा शोधून काढला, चाळला आणि माझ्याकडे बघितलं.

"पंधरा दिवस कोणत्या तारखेपासून मोजू?"

"संक्रांतीच्या आठवड्यात देलते जी आमी."

"अर्जावर कुठं लिहेल हाय संक्रांत? पोच दाखवा."

मी बटव्यातून पेन काढलं. खरंच काढलं! "मंग आता टाकू का जी तारीख?"

बाबू हसलासुद्धा नाही. त्यानं माझं पेन घेतलं, गठ्ठ्यावर 'दुरुस्तीस परत' असं लिहिलं आणि पेन परत दिलं.

पुढच्या खेपेला साहेब ट्रेनिंगला. त्याच्या पुढच्या खेपेला गठ्ठा गावाकडे निघालेला, आणि गावात विचारावं तर पोचलेला नाही. रोज संध्याकाळी जाऊ दारात यायची. "आज काय म्हणाले, बाई?" मी म्हणायची, "होऊन राह्यलं." सातवीपर्यंतचं शिक्षण हे एक वाक्य बोलायला कामी आलं.

होळी झाली. कारंज्याहून भावाचा निरोप आला की कापूस संपला, जिनिंग बंद झालं, खोलीही दुसऱ्यानं घेतली, आता येऊ नका. त्यानंतर कधीतरी गठ्ठा सापडला. सेवकानं कोऱ्या जागेत तारीख टाकली, त्याच दिवसाची. म्हणजे आमचे पंधरा दिवस तिथून सुरू! आणि चौदाव्या दिवशी काम निघालं. अकराजणींना चार दिवस खड्डे खोदायला लावले. भत्त्याचा विषय कायद्यानंच मिटला.

मी तक्रारी लिहिल्या. तीन लिहिल्या. प्रत्येकीवर तारीख घातली, प्रत्येकीची शिक्क्यानिशी पोच घेतली. पोचा पेटीत आहेत. उत्तर अजून यायचं आहे, आणि आता तर दोन्ही गुडघ्यांनी कचेरीला जायला नकार दिलाय.

चार दिवसांचं काम संपलं तसा जावेपुढं एकच रस्ता उरला. एक ठेकेदार पुण्याकडं बांधकामावर माणसं नेत होता. पण त्यानं सांगून टाकलं, आजारी माणूस पत्र्याच्या खोलीत चालणार नाही. दिराची बाज माझ्या पडवीत आली.

तिला सोडायला मी फाट्यावर गेले. तिनं गोळ्यांची पुडी माझ्या हातात दिली. कोणती सकाळची, कोणती जेवल्यावर, दोनदा सांगितलं. मला काय सुचावं? मी म्हटलं, "मी लिहून ठेवीन न सारं, तू काही फिकीर करू नको."

एसटी दिसली तशी तिनं पिशवी उचलली आणि म्हणाली, "बाई, तुमाले लिहिता येत नसतं, त आमी दोघं तवाच कारंज्याले गेलो असतो."